'रूल' आणि 'प्रिन्सिपल' : पहिल्या शीलाच्या अर्थनिर्णयाचा प्रश्न

वर्षावासात गावोगावच्या विहारांतून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'दि बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. रायगडच्या किनारपट्टीवर, अलिबाग-मुरूडपासून श्रीवर्धन-म्हसळ्यापर्यंत, हे वाचन अहिंसेच्या विवेचनापाशी आले की एक प्रश्न हमखास उपस्थित होतो. दिवस पावसाचे, होड्या किनाऱ्याला ओढलेल्या, आणि घरोघरी सुकट, जवळा व सुके बोंबील यांवर जेवण निभावलेले असते. त्याच घरातील माणसांनी वंदनेच्या वेळी पाणातिपातापासून विरत राहण्याचे शिक्षापद ग्रहण केलेले असते. मग पहिले शील मोडले की राहिले? प्रश्न विचारणारा बहुधा मनापासून अस्वस्थ असतो. उत्तर देणारा बहुधा घाईत असतो. एक पक्ष म्हणतो, मासळी आपण मारलेली नाही, तेव्हा दोष नाही. दुसरा म्हणतो, शील म्हणजे शील, खाणे सोडावे. आमच्या मते परस्परविरुद्ध दिसणारी ही दोन्ही उत्तरे एकाच चुकीच्या गृहीतावर उभी आहेत, आणि ते गृहीत दोन इंग्रजी शब्दांच्या घोटाळ्यातून आलेले आहे.

ते शब्द म्हणजे 'रूल' आणि 'प्रिन्सिपल'. अहिंसेचे विवेचन करताना बाबासाहेबांनी हे दोन शब्द हेतुपुरस्सर समोरासमोर ठेवले आहेत. भगवान बुद्धांनी अहिंसेला 'रूल'चे रूप दिले नाही, ती 'प्रिन्सिपल' म्हणून, जीवनाचा मार्ग म्हणून सांगितली, असे त्यांचे प्रतिपादन आहे. 'प्रिन्सिपल' माणसाच्या हाती कृतीचे स्वातंत्र्य ठेवते, 'रूल' ते ठेवत नाही, हा त्यांच्या म्हणण्याचा आशय. विवेचन थोड्याच ओळींचे आहे. परंतु या ओळी नीट लागल्या नाहीत तर ग्रंथातील शील, कर्म आणि संघ यांविषयीची बरीचशी पाने आपण उलट्या अर्थाने वाचण्याचा संभव आहे, असे आम्हांस वाटते.

व्यवहारात हे दोन शब्द इतके जवळचे आहेत की इंग्रजीत शिकलेला माणूसही एकाच्या जागी दुसरा वापरून जातो. व्युत्पत्ती मात्र भिन्न आहे. 'रूल' हा लॅटिनमधील 'रेग्युला'पासून आला. त्याचा अर्थ सरळ काठी, मोजपट्टी. मराठीत तो याच मूळ अर्थाने शिरला: शाळेत वहीवर रेघा आखायचा लाकडी रूळ तो हाच. ज्या रुळाने रेघ आखायची तोच रूळ मास्तरांच्या हातात छडीचेही काम करीत असे, हा योगायोग अगदीच अर्थशून्य नाही. 'प्रिन्सिपल' हा 'प्रिन्सिपियम'पासून आला. त्याचा अर्थ आरंभ, जेथून पुढचे सारे निघते ते. (याच उच्चाराचा, शेवटच्या दोन अक्षरांनी वेगळा असलेला, महाविद्यालयाच्या प्राचार्यांसाठीचा शब्दही 'पहिला' या अर्थाच्याच कुळातला आहे, तो येथे बाजूस ठेवू.) धम्मपदाच्या पहिल्याच गाथेत मनाला 'पुब्बङ्गम', म्हणजे पुढे चालणारे, म्हटले आहे. 'प्रिन्सिपल'च्या मूळ अर्थाशी पाली भाषेतील इतका जवळचा दुसरा शब्द आम्हांस सुचत नाही.

शब्दाचा खरा स्वभाव त्याच्या सोबतीच्या क्रियापदांवरून कळतो. इंग्रजीत 'रूल' मोडला जातो. 'प्रिन्सिपल' मोडले जात नाही, ते सोडले जाते किंवा त्याच्याशी तडजोड केली जाते. मोडणे एका क्षणात होते आणि त्याला साक्षीदार असू शकतो. तडजोड हळूहळू होते, आणि ती पुष्कळदा करणाऱ्यालाच ठाऊक असते. 'प्रिन्सिपलचा माणूस' ही स्तुती आहे; 'रूलचा माणूस' म्हटले तर कचेरीतील एखादा अडवणूक करणारा कारकून डोळ्यांपुढे येतो. कामगारांनी 'रूल'बरहुकूम काम करायचे ठरवले की काम ठप्प होते, हा तर कामगार चळवळीतला जुना अनुभव आहे. उलट 'प्रिन्सिपल'चीही एक बदनामी आहे, ती विसरता येत नाही. सरकारी पत्रात 'तत्त्वतः मान्यता' आली की जाणकार माणूस समजतो, मंजुरी अजून दूर आहे. 'रूल' अडवतो आणि 'प्रिन्सिपल' निसटू देते, असा हा दुहेरी धोका आहे. त्यातील दुसऱ्या धोक्याकडे आपण पुढे येऊ.

आता मराठीकडे. 'रूल' म्हणजे नियम आणि 'प्रिन्सिपल' म्हणजे तत्त्व, अशी जोडी आपण सहज लावतो. शालेय पुस्तकात न्यूटनचे 'नियम' असतात आणि आर्किमिडीजचे 'तत्त्व' असते. तेथे कोणाचे अडत नाही. धम्माच्या क्षेत्रात मात्र अडते. 'नियम' या शब्दाचे लोकभाषेतील रूप 'नेम', आणि नेम म्हटला की नेमधर्म, व्रतवैकल्य, चातुर्मासात कांदा, लसूण व वांगी सोडणे हे सारे त्याच्या मागोमाग येते. चातुर्मास आणि वर्षावास यांचे महिने बहुतांशी एकच. शेजारपाजारची कित्येक घरे श्रावणात मासळी बंद ठेवतात. अशा वेळी पंचशीलाला 'पाच नियम' म्हणत राहिलो तर पहिले शील श्रावणाच्या नेमाशेजारी जाऊन बसते. मग प्रश्नही श्रावणातलाच होतो, काय खावे आणि काय खाऊ नये एवढाच. दुसरीकडे 'तत्त्व' हा शब्द पंचमहाभूतांपासून तत्त्वज्ञानापर्यंत इतका उंचावर गेला आहे की तो रोजच्या घरात उतरतच नाही. त्यामुळे अडचण अशी झाली आहे, की नियम पाळायचा असतो आणि तत्त्व नुसते मानायचे असते. बाबासाहेबांना अभिप्रेत असलेला भेद यांपैकी कशातच उतरत नाही.

आमचे मत असे की 'रूल'ला या संदर्भात 'दंडक' हा शब्द अधिक जवळचा आहे. त्यात दंड उघड दिसतो. 'प्रिन्सिपल'ला 'निकष' म्हणावे. सोने कसाला लावतात तो दगड म्हणजे निकष. तो सोनाराला काय घडवावे हे सांगत नाही. घडवलेले कसे आहे हे पारखायला देतो. बाबासाहेबांनी १९३६ साली 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये हाच भेद प्रथम विस्ताराने मांडला, तेव्हा त्यांच्या विवेचनाचा रोखही पारखण्यावर होता: 'रूल' ठरावीक रीतीने वागायला लावतो, 'प्रिन्सिपल' वागणुकीचा न्याय करण्याची पद्धत पुरवते. या मांडणीमागे कोलंबिया विद्यापीठातील त्यांचे गुरू जॉन ड्यूई आहेत. ड्यूई आणि टफ्ट्स यांच्या १९०८ सालच्या नीतिशास्त्रावरील ग्रंथात हा भेद जवळजवळ याच शब्दांत आढळतो. म्हणून कोणी हे उसने विचारधन म्हणेल. परंतु ड्यूईच्या ग्रंथात हा भेद व्यक्तीच्या नैतिक विचारपद्धतीविषयी होता. ज्या समाजात धर्म म्हणजेच आज्ञा आणि निषेधांचा साठा मानला गेला, त्या समाजाची परीक्षा या भेदाने घेण्याचे काम बाबासाहेबांचे आहे. त्याच्या आधी नऊ वर्षे त्यांनी ती परीक्षा याच जिल्ह्यात, शब्दांत नव्हे तर कृतीत, घेतलेली होती.

महाड तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली संमत झाला आणि त्याला अनुसरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले. कागदावर एक चांगला 'रूल' तयार झाला. तळ्यावर मात्र कोणी जाऊ शकले नाही. २० मार्च १९२७ रोजी परिषदेचे प्रतिनिधी तळ्यावर गेले, पाणी प्याले, आणि त्यानंतर त्यांच्यावर हल्ले झाले, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला आधीचा ठराव रद्द केला. मतदानाने आलेला 'रूल' मतदानाने गेला. सार्वजनिक जागेवर सर्वांचा सारखा हक्क असतो, हे 'प्रिन्सिपल' मात्र कोणत्याही सभेच्या कार्यवृत्तात नोंदलेले नसल्यामुळे तेथून ते खोडताही येत नव्हते.

डिसेंबरमधील दुसरी परिषद या दृष्टीने अधिक विचार करण्याजोगी आहे. तिच्या तोंडावर प्रतिपक्षाने दिवाणी न्यायालयात दावा लावला आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. २५ डिसेंबरला, बाबासाहेब जलमार्गाने दासगाव बंदरात उतरून महाडास आले त्या दिवशी, मनुस्मृतीचे दहन झाले. दोन दिवसांनी, हजारो सत्याग्रही तयार असताना, सत्याग्रह तहकूब करण्यात आला. एका बाजूने दंडकांचा ग्रंथ जाळायचा आणि दुसऱ्या बाजूने एका दुय्यम न्यायाधीशाचा हुकूम पाळायचा, ही विसंगती नव्हे काय? टीकाकारांनी ती विसंगती म्हटली आहे. आम्हांस ती तशी वाटत नाही. मनाई हुकूम हा 'रूल'च होता, पण तो पाळण्याचा निर्णय 'रूल' म्हणून झाला नाही. भर मंडपात दोन्ही बाजूंनी भाषणे झाली. सनातन्यांबरोबर सरकारशीही एकाच वेळी झुंज घ्यावी काय, न्यायालयात न्याय मिळण्याची शक्यता किती, याचा हिशेब मांडला गेला. जे तळ्यावर जायला उत्सुक होते त्यांना कोणी पापी ठरवले नाही. हुकूम निकषावर घासून पाळला गेला. मनुस्मृती त्याच निकषावर घासून जाळली गेली. पुढे १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने प्रतिपक्षाचे अपील फेटाळले. अस्पृश्यांना मज्जाव करणारी रूढी अनादि काळापासून चालत आल्याचे सिद्ध झाले नव्हते. जुनेपणाखेरीज ज्या रूढीकडे दुसरा आधार नव्हता, तिला तो जुनेपणाही शाबीत करता आला नाही.

मार्चच्या परिषदेतील आणखी एक गोष्ट मूळ प्रश्नाशी निगडित आहे. तेथे बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस खाणे सोडण्याचा कळकळीचा उपदेश केला होता. आहाराविषयीचा हा निर्बंध अहिंसेपोटी नव्हता. मेलेल्या जनावराच्या बाबतीत हिंसेचा प्रश्नच नाही. तो स्वाभिमानापोटी होता. म्हणजे ताटातील पदार्थ निकषावर लावायला बाबासाहेबांची हरकत कधीच नव्हती. निकष कोणता, एवढेच ते विचारीत होते.

विनयपिटकात या वादाचे मूळ रूप सापडते. देवदत्ताने भगवंतांपुढे पाच मागण्या ठेवल्या: भिक्खूंनी आजन्म अरण्यात राहावे, भिक्षेवरच जगावे, चिंध्यांचीच चीवरे वापरावीत, झाडाखालीच राहावे, आणि 'मच्छमंस', म्हणजे मासळी व मांस, खाऊ नये. मागण्या कडक, म्हणून प्रथमदर्शनी अधिक सात्त्विक दिसतात. पण त्यांच्या शब्दयोजनेत दोन गोष्टी समान आहेत. प्रत्येक मागणी 'यावज्जीव' आहे, आणि जो ती पाळणार नाही त्याला दोष लागावा असे प्रत्येकीपुढे जोडलेले आहे. 'रूल'ची ही दोन्ही लक्षणे आहेत. भगवंतांनी नकार दिला. ज्याला इच्छा असेल त्याने अरण्यात राहावे, ज्याला इच्छा असेल त्याने गावाजवळ राहावे, असे ते म्हणाले. आणि मच्छमंसाच्या बाबतीत आपल्यासाठी मारल्याचे पाहिले, ऐकले वा संशयिले नसेल तर ते तिकोटिपरिसुद्ध, इतके सांगून थांबले. देवदत्ताला हवा होता तो दंडक. तो मिळाला नाही आणि संघात फूट पडली.

मात्र या तिकोटिपरिसुद्धतेचा आधार घेऊन 'आपण मारलेली नाही' म्हणणारा आमचा पहिला पक्ष सुटत नाही. ती सवलत भिक्षेवर जगणाऱ्यांसाठी होती. भिक्खू पात्रात पडेल ते घेतो. उपासक बंदरावर किंवा आठवड्याच्या बाजारी जाऊन, भाव करून विकत घेतो. घेणारा आहे म्हणून धरणारा आहे, हे त्याला ठाऊक असते. एवढेच नव्हे, अंगुत्तर निकायात उपासकाने करू नयेत असे जे पाच व्यापार सांगितले आहेत त्यांत मांसविक्रय येतो. तेथे 'मच्छ' शब्द नाही, अशी पळवाट काढता येईल. आम्ही ती काढीत नाही. दुसरा पक्षही सुटत नाही. ज्याने खाणे सोडले त्याचे शील ताटापुरते शाबूत राहते. पण जाळे विणण्याला, बर्फ पुरवण्याला, होडीला कर्ज देण्याला त्याचा दंडक लागू होत नाही, आणि तो आपल्याला निर्दोष मानून शेजाऱ्याकडे पाहू लागतो. आपल्या देशात शेजाऱ्याच्या ताटाकडे अशा नजरेने पाहण्यातून काय काय निपजले आहे, ते या नियतकालिकाच्या वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही.

बाबासाहेबांनी दिलेला निकष मारण्याच्या इच्छेचा आणि मारण्याच्या गरजेचा आहे. हा निकष सुकटीच्या घरास सोडून देतो आणि बाकीच्या पुष्कळांना धरतो, असे आमचे निरीक्षण आहे. ज्या घरात पावसाळ्याचे चार महिने दुसरे स्वस्त पौष्टिक अन्न नाही तेथे गरज उघड आहे. पण वाढ न झालेली पिल्लेही निसटू नयेत अशा बारीक आसाच्या जाळ्याने समुद्र उपसणारा, पावसाळी बंदीत चोरून यांत्रिक नौका घालणारा, आणि भाव पडला म्हणून मासळीचे ढीग फेकून देणारा, हे तिघे गरजेच्या पलीकडे गेलेले असतात. 'रूल' या तिघांना आणि सुकट भाजणाऱ्या बाईला एकाच ओळीत उभे करतो. 'प्रिन्सिपल' तसे करीत नाही, म्हणून ते सैल आहे असे मानण्याचे कारण नाही. शाकाहारी भांडवलदाराला ते अधिक कडक आहे. मासळी विकून पोट भरणाऱ्या उपासकाचे काय, हा भाग खरोखर अवघड आहे. त्याच्यापुढे दुसरा धंदा होता काय, हे विचारल्याखेरीज त्याला उत्तर देणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. आणि ते एकदा विचारून भागत नाही. मुलगा शिकला, नोकरी लागली, की ते पुन्हा विचारावे लागते.

याच किनाऱ्यावर, राजपुरीच्या खाडीलगत कुडा येथील लेण्यांत, प्राचीन उपासकांचे शिलालेख आहेत. दाते कोण, तर माळी, लोखंडाचा व्यापारी, वैद्य. त्यांनी आपल्या दानाला 'देयधम' म्हटले आहे. 'धम्म' हा शब्द तेथे द्यावयाच्या वस्तूला लागला आहे, पाळावयाच्या दंडकाला नव्हे. एवढेच जाता जाता नोंदवतो.

आता सर्वांत मोठा आक्षेप. ज्यांनी 'रूल'चा धर्म नाकारला त्याच बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे २२ प्रतिज्ञा दिल्या, आणि त्यांतील कित्येकांची रचना 'मी अमुक करणार नाही' अशी सरळ निषेधाची आहे. हे दंडक नव्हेत काय? येथे प्रतिज्ञांचा क्रम बारकाईने पाहण्याची विनंती आम्ही वाचकांना करतो. तेरावी ते सतरावी या पाच प्रतिज्ञा म्हणजे पंचशीलच होय. चोरी, व्यभिचार, असत्य आणि मद्य यांविषयीच्या चार प्रतिज्ञा निषेधरूप आहेत. पण त्यांच्या आधीची तेरावी, जी पहिल्या शीलाच्या जागी आहे, ती तशी नाही. पालीतील पहिले शिक्षापद विरत राहण्याचे आहे. बाबासाहेबांनी ते प्राणिमात्रांवर दया करण्याचे, त्यांचे पालन करण्याचे केले. 'मी हिंसा करणार नाही' असे लिहिणे सोपे होते, आणि बाकीच्या चौघींच्या रचनेशी ते जुळलेही असते. त्यांनी ते लिहिले नाही. ग्रंथात 'रूल' आणि 'प्रिन्सिपल' यांविषयी जे सांगितले ते प्रतिज्ञेच्या व्याकरणातून पाळले गेले, असा याचा अर्थ आम्ही लावतो. आजवरच्या चर्चेत या रूपांतराकडे पुरेसे लक्ष गेले आहे असे आम्हांस वाटत नाही.

उरलेल्या चारांचे काय? मघाशी 'प्रिन्सिपल'च्या निसटू देण्याच्या दोषाचा उल्लेख केला तो येथे लागतो. पाचवे शीलही निकषच आहे, दंडक नव्हे, तेव्हा प्रसंग पाहून थोडे घ्यायला हरकत नाही, असा युक्तिवाद लग्नसराईत व शिमग्यात ऐकू येतो, आणि तो करणारे पहिल्या शीलावरील बाबासाहेबांच्याच ओळींचा दाखला देतात. हा दाखला टिकत नाही. गरज आणि इच्छा हा भेद अन्नाला लागतो. मद्याची अन्नासारखी गरज दाखवता येत नाही. शिवाय निकष ज्या हाताने धरायचा तो हातच मद्याने थरथरतो. पाली शिक्षापदातही मद्याला 'पमादट्ठान', प्रमादाचे स्थान, म्हटले आहे, आणि प्रमत्ताला पारख करता येत नाही. म्हणून चार ठिकाणी निषेध आणि एका ठिकाणी निकष, ही योजना आम्हांस सकारण वाटते.

तरीही या चार निषेधांना 'रूल' म्हणावे काय? आम्ही म्हणणार नाही, आणि त्याचे कारण पुन्हा व्याकरणातच आहे. दंडक द्वितीय पुरुषात असतो: तू हे करू नकोस. मनुस्मृतीत तर ज्याला दंडक लावायचा त्या शूद्राला पुष्कळदा तो ऐकण्याचाही अधिकार नाही. शिक्षापदाचे क्रियापद 'समादियामि' आहे: मी ग्रहण करतो. प्रतिज्ञाही 'मी'ने सुरू होते. भिक्खूसंघाच्या पातिमोक्खाची गोष्ट निराळी. तेथे सामूहिक जीवनासाठी खरेखुरे 'रूल' आहेत, त्यांना शिक्षाही जोडलेल्या आहेत. पण त्यांच्याविषयीसुद्धा भगवंतांनी महापरिनिर्वाणापूर्वी आनंदास सांगितले होते, की संघाला वाटल्यास क्षुल्लक शिक्षापदे रद्द करावीत. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत क्षुल्लक कोणती यावर स्थविरांचे एकमत झाले नाही. तेव्हा महाकाश्यपांच्या सूचनेवरून सगळीच ठेवण्यात आली, आणि कोणती क्षुल्लक हे भगवंतांना विचारून घेतले नाही म्हणून आनंदाला त्या सभेत दोष पत्करावा लागला.